कादंबरी ऐकल्याचं फळ

आमच्या पाटोद्यात गल्लीतल्या घराघरांत वरणात खडे लागायला लागले की पुरुषमंडळी ओळखायची, वकिलांकडे पुण्याहून नवी कादंबरी आली आहे. ही बदनामी मी पुष्कळ वर्षं सोसली, आणि खरं सांगायचं तर मनातून मला तिचा अभिमानच वाटे. बायकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांवर मासिकात अभिप्राय लिहिणं हे माझं काम होतं, आणि पुस्तक बरं की वाईट हे कळायला खड्यांइतकं चोख माप मला दुसरं सापडलं नाही.

माझं माहेर नगरकडचं, इंग्रजी मुलखातलं. मुलींच्या शाळेत मराठी शिकले आणि लग्न होऊन मोगलाईत आले. निजामाच्या राज्याला आम्ही सगळे मोगलाईच म्हणत असू. हे पाटोद्याच्या मुनसफीत वकिली करत. कोर्टाचं काम सगळं उर्दूत, त्यामुळे घरात कागदांचे ढीग असले तरी मला वाचता येईल असं पंचांगाखेरीज काही नव्हतं. माझी तगमग पाहून भावाने पुण्याचं एक स्त्रियांचं मासिक माझ्या नावाने सुरू करून दिलं. त्यात एक कादंबरी क्रमशः येई. तिची नायिका भर आषाढात उघड्यावरच्या गोवऱ्या आणून एका फुंकरीत चूल पेटवते आणि पंगतीचा स्वयंपाक करते, असं एका प्रकरणात आलं. मला राहवलं नाही. मी संपादकांना लिहिलं की लेखकमहाशयांनी एकदा स्वतः आषाढात चूल पेटवून पाहावी, डोळ्यांतून जे पाणी येईल ते विरहाच्या प्रकरणात कामी येईल. संपादकांनी माझा मजकूर छापला, आणि वर दोन कादंबऱ्या पाठवून ‘आपला अभिप्राय कळवावा’ म्हणून लिहिलं. त्या दिवसापासून माझ्या मागे हे जे लागलं ते लागलं.

या धंद्यात मिळकत म्हणजे ते पुस्तक. अभिप्राय लिहायचा आणि पुस्तक ठेवून घ्यायचं. लिहायला यांच्या दाव्यांचे पाठकोरे कागद होतेच. संपादकांची अपेक्षा साधी असे. गोष्ट थोडक्यात सांगावी, शेवट फोडू नये, बोध काय ते लिहावं आणि लेखकाला फार लागेल असं लिहू नये. शेवटचं मला कधी जमलं नाही. या कादंबऱ्या बायकांसाठी असत, पण लिहिणारे बहुतेक पुरुष. त्यांच्या लेखी प्रेम म्हणजे खिडकी. नायिका खिडकीत, नायक रस्त्यावर. आमच्याकडे भिंतीला जो झरोका असतो त्यातून धूर कसाबसा बाहेर जातो, नजर कुठून जाणार? मी हे लिहिलं तेव्हा एका लेखकाने उलट टपाली विचारलं की मोगलाईत राहणाऱ्या बाईला प्रेमातलं काय कळतं. मी कळवलं, प्रेमातलं नसेल कळत, पण डोंगरातून बाळ घेऊन रात्रभर पळालेल्या तुमच्या नायिकेच्या वेणीत सकाळी गजरा राहत नाही एवढं कळतं.

पुस्तक आधी मी एकटी वाची. मग दुपारी, पुरुष कामावर गेले की, आमच्या ओसरीवर बायका जमत. कुणी तूर निवडायला घेऊन येई, कुणी शेवया वळायला, कुणी वाकळ शिवायला. मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवायचं. हात भराभर चालू लागले की लेखक वाहवत गेला समजावं. हात मंदावले तर ठीक. आणि सूप मांडीवर तसंच राहून बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, तर त्या पानाच्या कडेला मी नखाने खूण करी. अशा पानाची डाळ संध्याकाळी ज्याच्या ताटात पडेल त्याचे दात जायचे. पुण्यातल्या विद्वानांना माझे अभिप्राय ‘रोखठोक’ वाटत. मी काही रोखठोक नव्हते, मी फक्त हात मोजत होते.

पुस्तकं पोचायची गोष्टही सोपी नव्हती. पुण्याहून नगर, नगरहून आष्टीकडून मोगलाईत शिरताना नाका लागे. इंग्रजी मुलखातला छापील कागद म्हटलं की तिथे संशय. एकदा माझं पार्सल नाकेदार करीमसाहेबांनी अडवलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी यांना बोलावून सांगितलं, “वकीलसाब, किताब ले जाव, मगर अंदर क्या है सो उर्दू में लिख के देव. सरकार के खिलाफ कुछ नक्को.” झालं. जन्मात कादंबरीला हात न लावलेले आमचे वकीलसाहेब मला समोर बसवून विचारायचे, “बरं, मग ती मुलगी तळ्याकाठी का गेली?” आणि दाव्याचा मजकूर लिहावा तसं लिहायचे की मजकूर मुलगी मजकूर दिवशी मजकूर तळ्यावर हजर होती. त्या कादंबरीचा पहिला भाग नायिका पुराच्या पाण्यात उडी टाकते तिथे संपला होता. दुसरा भाग आला तेव्हा तो टपालाने आलाच नाही. करीमसाहेबांनी शिपायाला घोड्यावर बसवून थेट आमच्या दारात पाठवलं. शिपाई म्हणाला, “साब बोले, जल्दी पढो, और वो लडकी बची क्या नई इतना पहले बताव.” ती वाचली होती. हे कळल्यावर माझं पार्सल नाक्यावर पुन्हा कधी अडलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

आमच्या शेजारी गया मावशी राहत. वयाने मोठ्या, स्वभावाने मोकळ्या, पण तोंडात तीळ भिजत नसे. पहिल्या दिवशी मी कादंबरी वाचायला काढली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. वेष्टनावर सज्ज्यात रेललेल्या एका तरुणीचं चित्र होतं, तिच्या कपाळालाही बोट लावलं. त्यांच्या हिशेबी छापलेलं, बांधलेलं आणि मोठ्याने वाचायचं ते सगळं पोथी. पोथीचे नियम त्यांनी कादंबरीला लावून टाकले. अध्याय चालू असताना उठायचं नाही. वाचन सुरू असेतो गावाची शीव ओलांडायची नाही. संपली की नारळ फोडायचा. आणि पहिली कादंबरी संपली तेव्हा त्यांनी विचारलं, “आता फळ सांगा, बाई.” प्रत्येक पोथीच्या शेवटी ती ऐकल्याचं फळ सांगितलेलं असतं, कुणाला पुत्र, कुणाला धन. मी म्हणाले, “मावशी, याला फळ नसतं, ही करमणूक आहे.” सगळ्या बायकांचे चेहरे पडले. एवढे दिवस बसून हाती काय, तर करमणूक.

म्हणून पुढच्या खेपेपासून मी फळ सांगू लागले. ‘ही कथा जी ऐकेल ती गोड बोलणाऱ्या नणंदेपासून सावध राहील.’ ‘ही जी ऐकेल तिला रात्री झोप चांगली लागेल, कारण मलाही दोनदा लागली.’ बायका हसत आणि नारळ फुटे. मग ती ओळ मी अभिप्रायाच्या शेवटीही टाकू लागले आणि मासिकाच्या वाचकांना ती फार आवडली. संपादक लिहीत की लोक अंक उलटा उघडून आधी तुमचं फळ वाचतात. माझी थट्टा कुणी खरी धरत असेल हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

काशी आमच्या गल्लीतल्या माळ्याची बहीण. पलीकडच्या गावात दिलेली. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. तिच्या डाव्या दंडावर तापलेल्या उलथन्याचा डाग होता. पदर सारखा ओढून ती तो झाकत असे. बोलायची थोडं. ओसरीच्या कडेला बसून भावजयीच्या वाटणीचं निवडण निवडायची आणि ऐकायची.

त्या सुमारास एका मोठ्या नाव असलेल्या लेखकाची कादंबरी माझ्याकडे आली. त्यातल्या नायिकेलाही नवऱ्याने टाकलेलं असतं. ती आपण होऊन परत जाते, सवतीची सेवा करते, मुकाट सोसते. एकटीने वाचताना मी ढसाढसा रडले होते. ‘अश्रू आवरत नाहीत’ असं पाठकोऱ्या कागदावर लिहूनही ठेवलं होतं. ओसरीवर ती सुरू झाली तशी बायकांची सुपं मांडीवर थांबली. अशी कादंबरी फार दिवसांनी आली होती.

शेवटचं प्रकरण राहिलं असताना गया मावशींनी मला चुलीपाशी गाठलं. “बाई, उद्या नारळ मोटा आणा. काशीचं पारायण हाय.”

“कसलं पारायण?”

“ह्या पोथीचं. ती एकाच वक्ताला जेवायलीय, पोथी सुरू झाल्यापसनं. नवऱ्याचं मन फिरावं म्हनून. तिनं भावालाबी सांगितलंय, सासरी निरोप धाडा. परवा गाडी यायलीय तिला न्यायाला.”

सवतीला दिवस गेले होते, घरात राबायला माणूस हवं होतं, म्हणून सासरचे गाडी पाठवत होते. हे सगळ्या गल्लीला कळत होतं. काशीला कळत नसेल असं नाही. पण तिने पोथी धरली होती. त्या डागाच्या हातात मी हे पुस्तक दिलं होतं, आणि त्याला फळ असतं असंही मीच शिकवलं होतं.

यांना विचारलं. म्हटलं, शेवट बदलून वाचते, कुणाला वाचता येतंय? हे म्हणाले, “आज तू खोटं वाचलंस तर उद्यापासून तुझं खरं कोण ऐकेल?” वकिलाच्या तोंडून हे ऐकायचं म्हणजे जरा नवलच होतं, पण त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेवट वाचला, एक अक्षर न बदलता. फक्त रोज वाचायची तसा नाही. दुःखाच्या जागी माझा आवाज आपोआप भरून येई, बायकांना तोच हवा असे. त्या दिवशी मी लिलावाची दवंडी द्यावी तसं कोरडं वाचलं. नायिका अंथरुणाला खिळते. नवरा परगावी असतो. ती त्याचं नाव घेत प्राण सोडते. तो परत येतो, तिचं प्रेत मांडीवर घेतो आणि धाय मोकलून रडतो.

गया मावशी रागावल्या. “आज असं कावून वाचायलाव, बाई? जीव न्हाई त्याच्यात.”

काशीने प्रथमच तोंड उघडलं. “त्यो रडला, तवा ती गेलती का?”

“हो, गेली होती.”

“जित्ती व्हती तवा रडला न्हाई?”

“नाही.”

“मागल्या एखाद्या पानावर आसंल. बगा की.”

मी पुस्तक पहिल्यापासून चाळलं. तिला दिसावं म्हणून हळूहळू पानं उलटली. “नाही गं काशी. कुठेच नाही.”

ती बराच वेळ त्या पुस्तकाकडे पाहत बसली. मग म्हणाली, “मंग त्यो रडला ह्ये तिला कळलं कसं?”

माझे डोळे तेव्हा भरून आले. एकटीने वाचताना मी जिच्यासाठी रडले ती बाई पुस्तकातली होती, आणि ही माझ्यासमोर उपाशी बसली होती. नारळ पाटाशेजारी तसाच पडून होता. मी तो फोडायला कुणाला सांगितलं नाही आणि कुणी फोडलाही नाही. काशी सूप घेऊन उठून गेली.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. काशीचा सासरा आणि भाऊ दोघे आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, कारण काशी सकाळपासून आमच्या ओसरीवर येऊन बसली होती आणि हलायला तयार नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं. “माझी पोथी चालू हाय. पोथी पुरी झाल्याबिगर मला शीव वलांडता येत न्हाई.”

सासरा देवभोळा माणूस. पारायण मोडायला लावून घरावर दोष ओढून घ्यायची त्याची छाती नव्हती. पण मूर्खही नव्हता. त्याने ओसरीवरच्या सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, “वकीलीनबाई, तुमी वाचनारणी. तुमी सांगा. झाली का न्हाई पोथी पुरी?”

हे आत दाराशी उभे होते. दोनच दिवसांपूर्वी खोटं वाचू नकोस म्हणणारा हाच माणूस. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. काशीकडेही पाहिलं नाही. तिला त्या गाडीत ढकलायचं की नाही, एवढंच माझ्या हातात होतं आणि ते एका शब्दात होतं.

“नाही झाली,” मी म्हणाले. “शेवटचा अध्याय राहिलाय.”

सासऱ्याचा विश्वास बसला नाही. तो गया मावशींकडे वळला. सगळ्या तालुक्याला माहीत होतं की मावशींच्या पोटात गोष्ट राहत नाही. मावशींनी आपली तूर एकदा पाखडली, खडा शोधून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, “लई मोटी पोथी हाय, पाव्हनं. आमाला बी बसून बसून कट्टाळा आलाय.”

एकेक करून बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. गाडी रिकामी परत गेली. रात्री यांनी जेवताना एवढंच म्हटलं की साक्षीदार चांगले फोडलेस.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. काशीच्या सासरच्या गावचे कुलकर्णी माझ्याच मासिकाचे वर्गणीदार होते आणि माझे अभिप्राय चावडीवर वाचून दाखवत. त्या कादंबरीवर माझा अभिप्राय छापून आला की पोथी संपली हे उघड होणार. म्हणून मी लिहिलाच नाही. संपादकांचं आठवणीचं पत्र आलं, मी ‘वाचन चालू आहे’ कळवलं. पुन्हा पत्र आलं, पुन्हा तेच कळवलं. लेखक वजनदार, तो संपादकांवर रागावला. संपादक माझ्यावर रागावले. शेवटी त्यांनी सभ्य शब्दांत लिहिलं की आपल्याला घरकामातून सवड होत नसेल हे आम्ही समजू शकतो, यापुढे हे सदर पुण्यातल्या एक विदुषी चालवतील. पुस्तकांची पार्सलं बंद झाली. करीमसाहेबांनीही नाक्यावरून विचारणा केली, आजकल किताबां क्यों नई आते म्हणून.

मला त्याचं फार वाईट वाटलं. ते सदर माझं होतं. त्या मोगलाईच्या कोपऱ्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते गेल्यावर कित्येक दुपारी मी पाटावरच्या त्याच पुस्तकाची तीच पानं ओसरीवर पुन्हा वाचत बसे. सासरचं कुणी डोकावलं तर पोथी चालू दिसली पाहिजे. बायकांना ते पाठ झालं होतं. शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडे थांबायचं आणि परत पहिल्यापासून, असं आम्ही धरलं होतं. एक लावणीचा हंगाम गेला, मग दुसराही गेला. काशी भाजीचे वाफे राखू लागली, दोन वेळा जेवू लागली, आणि दंडावरचा पदर ओढायचा तिला विसर पडू लागला.

शेवटी सासरचेच कंटाळले. पंच बसले आणि काडीमोड झाली. त्यानंतर काही दिवसांनी धारूरकडच्या एका माळ्याने मागणी घातली. पहिली बायको वारलेली, माणूस शांत. पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, तारीख ठरली तेव्हा काशी नवं लुगडं नेसून दुपारी ओसरीवर आली. बायका बसलेल्या होत्या, मी वाचत होते. ती मधेच आली, मधेच उभी राहिली. पोथी चालू असताना असं कुणी करत नसे.

“बाई,” ती म्हणाली, “मला शीव वलांडायचीय. आता संपली म्हना.”

मी पुस्तक मिटलं. गया मावशी नारळ आणायला आत गेल्या.